१२ पॉइंट म्हणजे अक्षराची उंची नव्हे

“सगळा मजकूर १२ पॉइंटमध्ये ठेवा, म्हणजे अक्षरं सारखी दिसतील.” छपाईच्या कामात हे वाक्य वर्षानुवर्षं फिरतंय. ते चूक आहे.

वर्डमध्ये ‘किल्ला’ हा शब्द १२ पॉइंटमध्ये, म्हणजे फॉन्टच्या आकाराचा आकडा १२ ठेवून, मंगल फॉन्टात टाइप करा आणि त्याखाली तोच शब्द कोकिळामध्ये. आकडा तोच, पण कोकिळातला शब्द चांगलाच बारीक दिसेल.

कारण जुनं आहे, शिशाच्या खिळ्यांच्या, म्हणजे छपाईच्या सुट्या अक्षर-ठोकळ्यांच्या काळातलं. पॉइंटमध्ये मोजली जायची ती खिळ्याच्या अंगाची उंची. त्यावर अक्षर किती मोठं कोरायचं, हे कोरणाऱ्याच्या हातात. आज खिळा गेला, त्याच्या जागी अदृश्य चौकट आली. संगणकावर १ पॉइंट म्हणजे इंचाचा ७२वा भाग, म्हणून १२ पॉइंटची चौकट इंचाच्या सहाव्या भागाएवढी. अक्षर तिच्यात किती जागा घेईल, हे फॉन्ट बनवणारा ठरवतो.

देवनागरीत ही चौकट जास्तच अडचणीची. शिरोरेषेवर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार. खाली उकार, शिवाय ‘ट्ठ’सारखी उभी जोडाक्षरं. या सगळ्यांना जागा देता देता मधला ‘क’ बारीक होतो. म्हणूनच इंग्रजी आणि मराठी एकाच आकड्यात शेजारी ठेवले की बहुतेक वेळा मराठी दबलेलं दिसतं. (लग्नपत्रिका आठवा.)

तेव्हा आकडा बाजूला ठेवा, कागदावर छापून हातभर अंतरावरून वाचा. मराठी एक-दोन पॉइंटांनी वाढवा, ओळींमधलं अंतरही थोडं सैल करा. नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या वेलांटीवर आदळतो.