ब्रिटनमधली ‘रिपीट’ चिठ्ठी : मागचा इतिहास

रक्तदाबाच्या किंवा थायरॉइडच्या गोळ्या संपत आल्या की ब्रिटनमधला पेशंट दर वेळी डॉक्टरला भेटत नाही. तो जीपीच्या, म्हणजे नेहमीच्या फॅमिली डॉक्टरच्या, दवाखान्याकडे ‘रिपीट’ची मागणी नोंदवतो, डॉक्टर सही करतात आणि औषध केमिस्टकडून मिळतं. ही पद्धत कुणी एका बैठकीत ठरवली नाही. पैसा, कागद आणि डॉक्टरचा वेळ यांच्या ओढाताणीत ती घडत गेली.

५ जुलै १९४८ ला एनएचएस, म्हणजे ब्रिटनची सरकारी आरोग्य सेवा, सुरू झाली तेव्हा औषधं फुकट होती. खर्च अंदाजाबाहेर गेला. १९५१ मध्ये चष्मे आणि कवळ्यांवर शुल्क लावायचं ठरताच योजनेचे शिल्पकार अन्युरिन बेव्हन यांनी मंत्रिपद सोडलं. जून १९५२ पासून चिठ्ठीमागे एक शिलिंग द्यावा लागू लागला आणि १९५६ पासून चिठ्ठीवरच्या प्रत्येक औषधामागे एक. मग व्हायचं तेच झालं. पेशंटचा खिसा सांभाळायला डॉक्टर एकदम जास्त दिवसांचं औषध लिहू लागले. १९६५ मध्ये पंतप्रधान हॅरॉल्ड विल्सन यांच्या सरकारने शुल्क काढलं, १९६८ मध्ये त्याच सरकारने ते परत आणलं. या वेळी सोबत सवलतीच्या आजारांची यादी होती. मधुमेहाची औषधं घेणारे तिच्यात बसले, दमेकरी आजही बाहेरच आहेत. यामागचं तर्कशास्त्र शोधायला जाऊ नये. वेल्सने २००७ मध्ये, उत्तर आयर्लंडने २०१० मध्ये आणि स्कॉटलंडने २०११ मध्ये शुल्क रद्द केलं, इंग्लंडने ठेवलं.

दीर्घकालीन आजारांची औषधं वाढली तशी तीच ती चिठ्ठी हाताने पुन्हा पुन्हा लिहिणं हे मोठं काम होऊन बसलं. त्यातून सुटका केली संगणकाने, आणि ही गोष्ट मजेशीर आहे. १९८७ च्या सुमारास व्हॅम्प आणि मेडिटेल या कंपन्यांनी दवाखान्यांना जवळजवळ फुकट संगणक देऊ केले. बदल्यात डॉक्टरांनी पेशंटची नावं वगळून औषधांची माहिती द्यायची, आणि कंपन्यांनी ती औषध उद्योगाला विकायची. हा धंदा फारसा चालला नाही. पण व्हॅम्पकडे साठलेल्या नोंदींतूनच पुढे वैद्यकीय संशोधनाचा एक प्रचंड माहितीसाठा उभा राहिला. आज तो सीपीआरडी या नावाने जगभर वापरला जातो. दवाखान्यांना मात्र हवं होतं ते छापील चिठ्ठीचं यंत्र. एफपी-१० या एनएचएसच्या हिरव्या चिठ्ठीच्या उजवीकडे पेशंटच्या नेहमीच्या औषधांची यादी छापून येऊ लागली. हवं त्यावर खूण करायची, कागद दवाखान्याच्या पेटीत टाकायचा. १९९० च्या दशकात लिहून दिलेल्या औषधांपैकी सुमारे तीन चतुर्थांश अशी ‘रिपीट’ होती.

पुढचे टप्पे भराभर आले. २००४ मध्ये एनएचएसने जीपींशी केलेल्या करारात ४८ तासांत चिठ्ठी तयार ठेवण्याला आणि औषधांचा आढावा घेण्याला गुण मिळाले, आणि गुणांवर दवाखान्याचे पैसे ठरू लागले. २००५ पासून डॉक्टरने एकदाच सही करून वर्षभरापर्यंतच्या चिठ्ठ्या केमिस्टकडे सोपवण्याची सोय झाली. कागदाची जागा इलेक्ट्रॉनिक चिठ्ठीने घेतली आणि मागणी एनएचएस ॲपवरून होऊ लागली.

आपल्याकडे जुनी चिठ्ठी दाखवून गोळ्या आणणं सर्रास चालतं. नियम मात्र सांगतो की डॉक्टरने तसं लिहिल्याशिवाय एका चिठ्ठीवर दुसऱ्यांदा औषध देऊ नये. ब्रिटनची अडचण उलटी आहे. तिथे सही होते, पण गठ्ठ्याने. एकदा यादीत शिरलेलं औषध बाहेर काढायला कुणाला सवड नसते. इंग्लंडमधल्या २०२१ च्या सरकारी पाहणीने जीपींमार्फत दिली जाणारी सुमारे दहा टक्के औषधं अनावश्यक किंवा अयोग्य असावीत असा अंदाज मांडला. त्याच्या आधीच, २०२० पासून, अनेक औषधं घेणाऱ्या पेशंटसोबत बसून त्यांची सगळी यादी तपासायचं काम जीपींच्या दवाखान्यांशी जोडलेल्या फार्मासिस्टांकडे येऊ लागलं होतं.