हॅश म्हणजे सही नव्हे

एआय एजंटला, म्हणजे आपल्या वतीने कामं उरकणाऱ्या एआय प्रोग्रॅमला, आता स्मृती असते. ‘पुरवठादाराचं खातं बदललं, पुढची बिलं नव्या खात्यात भरायची’ अशी ओळ तो आज लिहून ठेवतो आणि महिन्याभराने तीच वाचून पैसे पाठवतो. मधल्या काळात ती ओळ कुणी बदलली नाही कशावरून? ‘आम्ही प्रत्येक नोंदीचा हॅश ठेवतो ना,’ असं उत्तर मिळालं, तर सांगणाऱ्याने हॅश (मजकुरावरून गणिताने काढलेला ठसा) आणि डिजिटल सही यांची गल्लत केली आहे.

एसएचए-२५६ ही हॅश काढण्याची एक पद्धत. ती कितीही मोठ्या मजकुराचा २५६ बिटांचा ठसा काढते. एक स्वल्पविराम हलला तरी ठसा पार बदलतो. पण त्यात गुपित काहीच नाही. ज्याच्या हाती डेटाबेस लागला तो ओळ बदलेल, नवा हॅश काढेल आणि जुन्याच्या जागी ठेवून देईल. तपासणी बिनबोभाट पार.

सहीला प्रायव्हेट की लागते, म्हणजे फक्त सही करणाऱ्याकडे असलेली गुप्त किल्ली. तिच्या जोडीची, उघडपणे वाटता येणारी पब्लिक की असलेला कुणीही सही तपासू शकतो, करू मात्र शकत नाही. ईडी२५५१९ पद्धतीची सही जेमतेम ६४ बाइटची, त्यामुळे प्रत्येक नोंदीला ती जोडणं परवडतं. (सही करताना आत हॅशही वापरला जातो, गोंधळाचं मूळ बहुधा तेच.) अर्थात प्रायव्हेट की एजंटच्याच फोल्डरमध्ये उघडी पडली असेल, तर सगळं मुसळ केरात.

बरं, सुट्या सह्यांनीही भागत नाही. एखादी नोंद गुपचूप गाळली तरी उरलेल्या सह्या खऱ्याच ठरतात. इथे हॅश पुन्हा कामाला येतो: प्रत्येक नोंदीत आधीच्या नोंदीचा हॅश घालायचा, मग सही. मधला दुवा निखळला की कळतं. शेपटाकडच्या नोंदी कापल्या तर मात्र साखळीला पत्ता लागत नाही. त्यासाठी शेवटचा हॅश दुसरीकडे जपावा लागतो.

आणि खरेपणा? तो यातल्या कशातच नाही. २०२४ मध्ये सुरक्षा संशोधक योहान रेहबर्गर यांनी बाहेरच्या मजकुरात सूचना लपवून चॅटजीपीटीच्या स्मृतीत वापरकर्ता १०२ वर्षांचा असल्याची नोंद घुसवून दाखवली. नोंद चॅटजीपीटीनेच लिहिलेली. तिच्यावर सही असती तर तीही अस्सलच ठरली असती. डिजिटल स्वाक्षरीच्या सातबाऱ्याने तरी बांधाचा वाद कुठे मिटतो? म्हणून माहिती वापरकर्त्याने सांगितली की एखाद्या वेबपानावरून उचलली, हेही नोंदीत लिहावं आणि सही त्यासकट करावी.