कोपराचे ४ आणि कोपराचे २

रामबागेत राहणाऱ्या एक आजी आपल्या पाच महिन्यांच्या नातवाचे दोन कागद घेऊन आल्या. पहिल्या कागदावर कोपर वाकवण्यापुढे ४ हा आकडा होता आणि तीन आठवड्यांनी, इंदूरमध्येच दुसऱ्या ठिकाणी झालेल्या तपासणीत त्याच हालचालीपुढे २ लिहिले होते. "मॅडम, हात मागे गेला का हो?" असे त्यांनी विचारले, तेव्हा शेजारी बसलेल्या सुनेचे डोळे भरून आले होते. वास्तविक दोन्ही आकडे बरोबर होते. फक्त ते दोन निरनिराळ्या मापांचे होते.

प्रसूतीत खांदा अडकून मान ताणली गेली की मानेतून हाताकडे जाणाऱ्या मज्जातंतूंच्या जाळ्याला, म्हणजे ब्रेकियल प्लेक्ससला, इजा होऊ शकते. वरची मुळे दुखावली असतील तर खांदा उचलणे आणि कोपर वाकवणे अडते.

स्नायूंची ताकद मोजण्याची सर्वपरिचित श्रेणी ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलची, ० ते ५ अशी आहे. हाताचा भार काढून घेतल्यावर, म्हणजे हाताला स्वतःचे वजन उचलावे लागत नसताना, हालचाल झाली तर २, भाराविरुद्ध झाली तर ३, तपासणाऱ्याने अडवले तरी झाली तर ४ आणि ताकद पूर्ववत असेल तर ५. अडचण अशी की "जोर लाव" म्हटलेले तान्ह्या बाळाला कळत नाही, त्यामुळे वरच्या पायऱ्या त्याच्या बाबतीत विश्वासाने ठरवता येत नाहीत.

टोरंटोच्या बालरुग्णालयात तयार झालेल्या ॲक्टिव्ह मूव्हमेंट स्केलमध्ये प्रतिकाराची गरजच ठेवलेली नाही. त्यात १५ हालचाली ० ते ७ मध्ये मोजतात. भार काढलेल्या स्थितीत निम्म्यापर्यंत हालचाल झाल्यास २, निम्म्याहून अधिक झाल्यास ३, पूर्ण झाल्यास ४. भाराविरुद्ध त्याच क्रमाने ५, ६ आणि ७, आणि ४ मिळाल्याशिवाय पुढचे गुण देत नाहीत. म्हणजे इथले ४ तिथल्या २ मध्येच मोडतात, आणि इथले ७ म्हणजे पूर्ण ताकद असे समजणे चूक ठरेल, कारण ताकद अजमावलेलीच नसते. माझ्या मते बाळासाठी हेच माप अधिक उपयोगी आहे: तिथल्या एकट्या २ मध्ये इथले २, ३ आणि ४ हे तिन्ही गुण दडलेले असतात, आणि कोपराची वाक कितपत परत येते यावर शस्त्रक्रियेचा विचार ज्या महिन्यांत होतो, त्या महिन्यांतली ही प्रगती नजरेतून सुटू नये.

आजींच्या कागदांवर प्रत्येक आकड्याशेजारी मी मापाचे नाव लिहिले. मग बाळाला कुशीवर निजवून, दंडाला आधार देऊन खुळखुळा दाखवला, तेव्हा कोपर पूर्ण वाकले. त्याला मांडीवर सरळ बसवून पुन्हा दाखवला, तेव्हा हात निम्म्यापर्यंत वर आला. टोरंटोच्या मापाने ते ५ झाले होते.