नव्या जलजीवालयातील मत्स्यविकार

घरगुती जलजीवालय (बोलण्यात नुसती ‘टाकी’) मांडल्यावर साधारणपणे पहिल्या चार ते सहा आठवड्यांत शोभिवंत माशांना होणारे विकार व त्यांवरील उपचार. पृष्ठभागाशी येऊन धापा टाकणे, पर मिटून तळाशी बसणे, अन्न सोडणे, कल्ले लालसर किंवा तपकिरी दिसणे ही नेहमीची लक्षणे होत. त्यांचे कारण पुष्कळदा जंतुसंसर्ग समजले जाते व टाकीत औषध ओतले जाते. वस्तुतः या काळातील बहुतेक आजार पाण्यात साठलेल्या नायट्रोजनयुक्त संयुगांमुळे होतात आणि औषधाने ते बळावण्याचाच संभव असतो.

रासायनिक पार्श्वभूमी : मासे कल्ल्यांवाटे अमोनिया सतत बाहेर टाकतात, उरलेले खाद्य व विष्ठा कुजून त्यात भर पडते. पाण्यात तो अमोनियम आयन व मुक्त अमोनिया अशा दोन रूपांत असतो आणि त्यांतील मुक्त अमोनिया विशेष विषारी असतो. २५° से. तापमानास सामू (पाण्याची आम्लता-अल्कता दाखविणारा अंक, pH) ७ असताना एकूण अमोनियापैकी मुक्त अमोनिया सुमारे ०.६ टक्के, सामू ८ असताना सुमारे ५ टक्के, तर सामू ९ असताना ३५ टक्क्यांच्या आसपास असतो. त्यामुळे दख्खनच्या बेसाल्टी प्रदेशातील बोअरच्या कठीण, अल्कधर्मी पाण्यात जो अमोनिया मासे मारू शकतो, तेवढाच मुंबईच्या नळाला येणाऱ्या तलावांच्या तुलनेने मृदू पाण्यात कमी घातक ठरतो. उलट मृदू पाण्याचा सामू लवकर उतरतो आणि तो ६ च्या खाली गेल्यास पुढे वर्णिलेले जंतुकार्य मंदावते.

जंतू अमोनियाचे ऑक्सिडीकरण करून नायट्राइट व नायट्राइटचे नायट्रेट बनवितात. नायट्राइट रक्तात शिरून हीमोग्लोबिनाचे मेटहीमोग्लोबिन (प्राणवायू वाहू न शकणारे रूप) करते. रक्त तपकिरी होते आणि हवेचा पंप चालू असतानाही मासा गुदमरतो. नायट्रेट त्या मानाने सौम्य असून ते पाणी बदलून काढता येते. नव्या टाकीत प्रथम अमोनिया, तो उतरू लागल्यावर नायट्राइट व शेवटी नायट्रेट वाढते, असा क्रम आढळतो.

नायट्रीकरण करणारे जंतू : अमोनियापासून नायट्रेट बनण्याची ही क्रिया (नायट्रीकरण) सजीवांमुळे होते, हे श्लोसिंग व म्युंट्स या फ्रेंच शास्त्रज्ञांनी १८७७ मध्ये दाखविले. वाळू व चुनखडीच्या स्तंभातून सांडपाणी झिरपवले असता सुमारे वीस दिवस काहीच घडले नाही. नंतर नायट्रेट दिसू लागले. क्लोरोफॉर्मची वाफ सोडताच क्रिया थांबली आणि बागेतील मातीचे धुवण मिसळल्यावर ती पुन्हा सुरू झाली. नव्या टाकीतील विलंब, औषधाचा दुष्परिणाम व जुन्या गाळणीचे विरजण (तिच्यातील जंतू नव्या गाळणीत घालणे) या तिन्ही गोष्टी या एका प्रयोगात आल्या आहेत, असे म्हणता येईल. व्हिनोग्राड्स्की यांनी १८९० च्या सुमारास या जंतूंचे शुद्ध संवर्ध (इतर जंतूंविना वाढविलेले नमुने) मिळविले. त्यानंतर शतकभर अमोनियाचे काम नायट्रोसोमोनस व नायट्राइटचे काम नायट्रोबॅक्टर करतो, असे पाठ्यपुस्तके सांगत आली. हौशी मत्स्यपालकांच्या पुस्तिकांत ते आजही तसेच छापले जाते.

१९९६ व १९९८ मध्ये होव्हानेक, डीलाँग व सहकाऱ्यांनी गोड्या पाण्याच्या जलजीवालयांतील जंतू जनुकीय पद्धतींनी तपासले, तेव्हा नायट्रोबॅक्टरऐवजी नायट्रोस्पायरासदृश जंतू आढळले. होव्हानेक हे जलजीवालयाचे साहित्य बनविणाऱ्या उद्योगाशी संबंधित होते. तथापि त्यांच्या निष्कर्षांना पुढे स्वतंत्र पुष्टी मिळाली. २०११ मध्ये कॅनडातील वॉटर्लू विद्यापीठाच्या संशोधकांना अशा अनेक टाक्यांच्या गाळण्यांत अमोनियाचे ऑक्सिडीकरण करणाऱ्यांत आर्किया (जंतूंसारखे, पण वेगळ्या गटातील एकपेशीय सूक्ष्मजीव) प्रबळ दिसले. २०१५ मध्ये तर दोन्ही टप्पे एकट्याने पार पाडणाऱ्या नायट्रोस्पायरा जातींचा शोध जाहीर झाला. त्यांपैकी काही नेदर्लंड्समधील संशोधकांना मत्स्यसंवर्धन यंत्रणेच्या गाळणीतच सापडल्या. प्रत्येक टाकीतील समुदाय अमोनियाच्या प्रमाणानुसार भिन्न असावा, हे मत सध्या अधिक ग्राह्य वाटते. नव्या टाकीत ओतण्यासाठी विकल्या जाणाऱ्या बाटलीबंद ‘जिवंत जंतूं’च्या उपयुक्ततेबद्दलचे मतभेदही बव्हंशी यातूनच उद्भवतात. बाटलीत कोणती जाती आहे व ती साठवणीत जिवंत राहिली का, यावर तिचा गुण अवलंबून असतो.

उपचार : खाद्य थांबवावे किंवा अगदी थोडे द्यावे आणि पाण्याचा पाव ते अर्धा भाग, गरज पडल्यास रोज, बदलावा. उपयुक्त जंतू वाळू, काच व गाळणीचा स्पंज यांवर वाढतात, मोकळ्या पाण्यात फारसे नसतात. त्यामुळे पाणी बदलल्याने ते नाहीसे होण्याची भीती अनाठायी आहे. स्पंज नळाखाली धुणे मात्र टाळावे. क्लोरीन जंतूंना मारते. नव्या पाण्यातील क्लोरीन दिवसभर ठेवून उडते किंवा हायपोच्या (सोडियम थायोसल्फेटाच्या) खड्यांनी घालविता येते. क्लोरामीन (क्लोरीन व अमोनिया यांचे संयुग) पाण्यात असल्यास ते केवळ ठेवल्याने सहजी जात नाही. निरोगी जुन्या टाकीतील वापरता स्पंज नव्या गाळणीत घालणे हा जंतू वाढण्याची मुदत कमी करण्याचा सर्वांत खात्रीचा उपाय होय.

नायट्राइटविरुद्ध साधे मीठ गुणकारी आहे. नायट्राइट व क्लोराइड कल्ल्यांतील एकाच मार्गाने आत शिरत असल्याने क्लोराइड वाढले की नायट्राइटाचे शोषण घटते. त्यासाठी लिटरला पाव ते अर्धा ग्रॅम मीठ सामान्यतः पुरते. आयोडीनयुक्त मीठ वर्ज्य मानण्याची प्रथा आहे. इतक्या अल्प मात्रेत त्याने अपाय होतो, या म्हणण्यास आधार दुबळा आहे.

श्वेतबिंदू रोग : नव्या टाकीत खरोखर परजीवीमुळे होणारा हा प्रमुख रोग असून त्यात अंगावर व परांवर रव्याएवढे पांढरे ठिपके दिसतात. तो इक्थिऑफ्थिरियस मल्टिफिलिस या पक्ष्माभिकायुक्त (अंगावर केसांसारखे सूक्ष्म तंतू असलेल्या) आदिजीवामुळे, म्हणजे एकपेशीय परजीवीमुळे, होतो. चीनमध्ये तो सुंग राजवंशाच्या काळापासून (दहावे ते तेरावे शतक) ज्ञात असावा, असे काही अभ्यासक मानतात. स्पष्ट वर्णन हिल्गेनडॉर्फ व पाउलिकी यांचे (१८६९) असून आजचे नाव फूके यांनी १८७६ मध्ये दिले. कार्प माशांच्या व्यापारातून तो आशियातून इतरत्र पसरला, हे मत संभाव्य वाटते.

त्वचेखालच्या अवस्थेवर औषधाचा प्रभाव पडत नाही. मासा सोडून तळाशी गेलेल्या पुटीतून (परजीवीच्या आवरणयुक्त अवस्थेतून) शेकडो पोहणारी पिले निघतात व तीच औषधाने मरतात. २५° से. च्या आसपास हे चक्र चार ते सहा दिवसांत पुरे होते, थंड पाण्यात कित्येक आठवडे घेते. म्हणून ठिपके गेल्यावरही उपचार चालू ठेवून एकूण दहा ते चौदा दिवस करतात. तापमान हळूहळू ३०° से. पर्यंत नेणे व लिटरला १ ते ३ ग्रॅम मीठ घालणे, ही सौम्य पद्धत आहे. उष्ण पाण्यात प्राणवायू कमी विरघळत असल्याने पंप जोरात ठेवावा लागतो. कोरीडोरास, लोच यांसारखे खवलेहीन किंवा नाजूक मासे व पाणवनस्पती यांना मीठ कमी सोसते, असे मानतात. मॅलेकाइट ग्रीन प्रभावी असले, तरी खाद्य माशांसाठी त्याचा वापर अनेक देशांत निषिद्ध आहे.

औषधांबाबत : दुकानात हमखास हाती दिली जाणारी निळी बाटली मिथिलिन ब्लूची असते. अंड्यांवरील बुरशीसाठी ते उपयोगी असले, तरी नायट्रीकरण करणाऱ्या जंतूंना मारक ठरते. काही प्रतिजैविकांचाही तसाच परिणाम होतो. तांब्याचे क्षार गोगलगायी व कोळंबीला प्राणघातक असतात. म्हणून रोगनिश्चिती झाल्यावरच औषध द्यावे व तेही वेगळ्या भांड्यात. श्वेतबिंदू रोगात मात्र परजीवी टाकीतही असल्याने मुख्य टाकीवर उपचार करावे लागतात. मासे हलविल्यास ती टाकी आठवडाभराहून अधिक काळ माशांविना व उबदार ठेवावी लागते.