कॉलेजचा रिसर्च पेपर मुळात आला कुठून

थीसिस, म्हणजे पेपरचा मुख्य दावा, एका वाक्यात मांडा, प्रत्येक मुद्द्याला संदर्भ द्या, पान नंबर विसरू नका, एवढं सगळे सांगतात पण हे का करायचं ते क्वचितच कोणी सांगतं, म्हणून पोरांना ते नुसतं फॉरमॅटचं झंझट वाटतं. मूळ पद्धत जर्मनीतली. १८२५ पासून बर्लिनला शिकवणारा रांके हा इतिहासकार मोजके विद्यार्थी जवळ घेऊन बसायचा, जुनी कागदपत्रं समोर ठेवायचा, आणि हा पुरावा विश्वासाचा का ते त्यांच्याकडूनच तपासून घ्यायचा. म्हणजे सर सांगतात म्हणून खरं, हे तिथे चालायचं नाही. अशा अभ्यासवर्गालाच सेमिनार म्हणतात. जर्मनीत शिकून आलेल्या अमेरिकन प्राध्यापकांनी हा सेमिनार अमेरिकेत नेला, १८६९ ला मिशिगन युनिव्हर्सिटीत, मग १८७६ ला सुरू झालेल्या जॉन्स हॉपकिन्स युनिव्हर्सिटीने तर त्यावरच भर दिला. कंसात लेखक आणि वर्ष लिहायची पद्धतही त्याच काळातली, हार्वर्डच्या मार्क नावाच्या प्राण्यांच्या अभ्यासकाने १८८१ मध्ये गोगलगायीवरच्या पेपरात ती वापरली.

आणि अशाच एका सेमिनारमध्ये आपले बाबासाहेब बसले होते! ९ मे १९१६, कोलंबिया युनिव्हर्सिटी, गोल्डनवायझर यांचा मानववंशशास्त्राचा सेमिनार, वय २५, आणि वाचला तो 'कास्ट्स इन इंडिया' हा पेपर. मला वाटतं पेपर लिहायला बसलेल्या प्रत्येकाने आधी हा वाचावा, कारण सगळी रचना त्यात उघड दिसते. सुरुवातीला जातीच्या चार व्याख्या जशाच्या तशा दिल्यात, सेनार, नेसफिल्ड, रिस्ले आणि आपले श्रीधर व्यंकटेश केतकर, तेच पुढे ज्ञानकोश करणारे, त्यांचं जातीवरचं पुस्तक १९०९ चं आणि त्यांची पीएचडी पण अमेरिकेतलीच, कॉर्नेलची. मग एकेक व्याख्या घेऊन कुठे कमी पडते ते दाखवलंय. केतकरांना सगळ्यात जास्त मान दिलाय, तरी त्यांनी सांगितलेली दोन लक्षणं, जातीबाहेर लग्नाला बंदी आणि जन्माने सभासदत्व, ही एकाच नाण्याच्या दोन बाजू आहेत हे दाखवून दिलंच. त्यातूनच थीसिस निघतो, जातीचं मूळ जातीतल्या जातीत लग्न करण्यात आहे. सती, सक्तीचं वैधव्य, बालविवाह या चालींचा उलगडा पण त्यावरूनच करून दाखवलाय, म्हणजे थीसिस नुसता मांडून सोडला नाही, त्याच्याकडून काम करून घेतलं.

संदर्भ देणं म्हणजे काय ते मला इथे कळलं. आधीच्या माणसाचं म्हणणं नीट समोर ठेवायचं, मगच त्याच्याशी भांडायचं. आणि पेपरच्या शेवटी बाबासाहेब म्हणतात की हा सिद्धांत टिकत नाही असं कोणी दाखवून दिलं, तर मी तो सोडायलाही तयार आहे.