वाईट चित्राचाही उपयोग होतो

महाराष्ट्रातल्या शाळेत शिकलेल्या माणसाला एलिमेंटरी आणि इंटरमीजिएटची नावं काढली की बरंच काही आठवतं. स्थिरचित्रातला एका बाजूने फुगलेला तांब्या, स्मरणचित्रातली बोटं नसलेली माणसं आणि शेवटी हातात पडलेली सी ग्रेड. ‘आपल्याला बुवा चित्रकला येत नाही’ हा निकाल तिथेच लागतो आणि पुढे चाळीस वर्षं कुणी त्यावर अपील करत नाही. चित्र काढल्याने शरीरात आणि मनात काय घडतं हे तपासणाऱ्या प्रयोगांना मात्र या ग्रेडशी काहीच देणंघेणं नाही.

अमेरिकेतल्या ड्रेक्सेल विद्यापीठात गिरिजा कैमल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला एक प्रयोग २०१६ साली प्रसिद्ध झाला. १८ ते ५९ वयाच्या ३९ निरोगी माणसांसमोर मार्कर, कागद, माती आणि कोलाजचं साहित्य ठेवलं. वेळ ४५ मिनिटं, काय करायचं ते ज्याचं त्याने ठरवायचं. सुरुवातीला आणि शेवटी प्रत्येकाच्या लाळेचा नमुना घेऊन त्यातलं कॉर्टिसॉल हे ताणाशी जोडलेलं संप्रेरक मोजलं.

ताण आला की मेंदूतला हायपोथॅलॅमस पिट्युटरी ग्रंथीला इशारा देतो, पिट्युटरी रक्तावाटे तो निरोप मूत्रपिंडांवर बसलेल्या अ‍ॅड्रिनल ग्रंथींपर्यंत पोचवते आणि त्या कॉर्टिसॉल सोडतात. रक्तातली साखर वाढते, शरीर धावपळीला तयार होतं. अंगावर कुत्रा आला तर हे सगळं उपयोगाचं. पण कर्जाचा हप्ता आणि साहेबांची बोलणी रोजचीच असतात. पातळी महिनोन्महिने चढी राहिली की झोप, रक्तदाब, प्रतिकारशक्ती सगळ्याची घडी विस्कटते.

या ३९ जणांपैकी सुमारे ७५ टक्के लोकांचं कॉर्टिसॉल पाऊण तासात उतरलं. आधी चित्रकलेत हात असलेले आणि फारसा अनुभव नसलेले, यांच्यात फरक दिसला नाही.

ही बातमी ‘चित्र काढा, ताण घालवा’ अशा मथळ्यांनी खूप फिरली. पण थोडं थांबू या. कॉर्टिसॉल सकाळी उठल्यावर सर्वांत जास्त असतं आणि दिवस सरेल तसं आपोआप खाली येतं. नुसतं पाऊण तास खिडकीशी बसलेल्या लोकांचा दुसरा गट तुलनेला घेतला असता, तर उतार चित्रामुळे किती आणि घड्याळामुळे किती हे कळलं असतं. तसा गट या प्रयोगात नव्हता. शिवाय चौथ्या हिश्शाच्या लोकांचं कॉर्टिसॉल उतरलं नाही, हे मथळ्यात कुणी घेत नाही.

मला स्वतःला याहून मोलाचा वाटतो तो जेनिफर ड्रेक आणि एलन विनर या मानसशास्त्रज्ञांचा २०१३ सालचा मुलांवरचा प्रयोग. कारण तो आपल्या एका लाडक्या समजुतीलाच हात घालतो. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना आधी एखादा हिरमोड झालेला प्रसंग आठवायला सांगितला. मग काही मुलांनी त्याच प्रसंगाचं चित्र काढायचं, काहींनी सरळ एक घर काढायचं. मनातलं कागदावर उतरवलं की मोकळं वाटतं असं आपण धरूनच चालतो. प्रत्यक्षात घर काढणाऱ्या मुलांचा मूड जास्त सुधारला. मोठ्यांना दुःखद फिल्म दाखवून असेच प्रयोग झाले, त्यांतही दुःखाचं चित्र काढणाऱ्यांपेक्षा भलतंच काहीतरी काढणारे लवकर सावरले.

म्हणजे दोन डोंगरांमधून उगवणारा सूर्य, खाली कौलारू घर, शेजारी नारळाचं झाड आणि बाजूने नदी हे आपल्या पोरांचं ठरलेलं चित्र. कलाशिक्षक त्याला कंटाळलेले असतात, पण त्याचंही एक काम असावं. मन उगाळत बसलेल्या गोष्टीपासून ते लक्ष काढून घेतं, कारण कौलं एकाखाली एक नीट बसवायची तर लक्ष तिथेच द्यावं लागतं. अर्थात हे मोजमाप चित्र संपल्यावर लगेचचं आहे. खोल आघातातून गेलेल्या माणसाने प्रशिक्षित कलोपचारकाच्या सोबतीने महिनोन्महिने चित्रं काढणं ही वेगळी गोष्ट आहे. तिला हा निष्कर्ष जसाच्या तसा लावता येत नाही.

२००५ साली करी आणि कॅसर या दोन संशोधकांनी ८४ विद्यार्थ्यांना आधी थोडं अस्वस्थ केलं आणि मग रंग दिले. छापील मंडल (गोलाकार नक्षी) किंवा चौकड्यांची नक्षी रंगवणाऱ्यांची अस्वस्थता कोऱ्या कागदावर मनाला येईल ते रंगवणाऱ्यांपेक्षा जास्त कमी झाली. कोरा कागद काय काढू, काय काढू करत स्वतःच छळतो. ठरलेला साचा तो निर्णय आपल्याकडून काढून घेतो. ठिपक्यांची रांगोळी काढणाऱ्यांना हे समजावून सांगावं लागू नये. सात ते चारचे ठिपके दिले की हात चालू लागतो. (हे माझं निरीक्षण, प्रयोगाचा निष्कर्ष नव्हे.)

आता थोडं कडू. २०१२ साली ब्रिटनमधल्या एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष आले. स्किझोफ्रेनिया या गंभीर मानसिक आजाराच्या ४१७ रुग्णांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसं तीन गटांत विभागलं होतं. एका गटाला नेहमीच्या उपचारांसोबत आठवड्याला सामूहिक कलोपचार, दुसऱ्याला इतर सामूहिक उपक्रम, तिसऱ्याला फक्त नेहमीचे उपचार. दोन वर्षांनंतर तिन्ही गटांत लक्षणांचा किंवा रोजच्या जगण्याचा म्हणावा असा फरक नव्हता. अनेकजण सत्रांना फिरकलेच नव्हते, हे खरं. पण औषधाच्या जागी रंगपेटी ठेवू पाहणाऱ्यांनी ही चाचणी विसरू नये.

चित्र स्वतःसाठी काढायचं की जगाला दाखवण्यासाठी, इथे सगळं उलटतं. २०१५ साली मुंबईत ‘स्नेहा’ या संस्थेने धारावी बिनाले हा कलामहोत्सव भरवला, आरोग्य हा विषय घेऊन. ‘आर्टबॉक्स’ नावाच्या कार्यशाळांत वस्तीतली माणसं कलाकारांसोबत बसून वस्तू घडवत. त्यातल्या एका गटात बायकांनी धारावीचा नकाशा कापडावर शिवला आणि जिथे जिथे बाईवर हिंसा झाली त्या जागा त्यावर दाखवल्या. घर काढून दुःख विसरण्याच्या नेमकं विरुद्ध हे काम. इथे दुःखाचाच पत्ता टाक्याटाक्याने नोंदवायचा होता. अशा कामाला ‘मूड किती सुधारला’ ही फूटपट्टी लावणं चूक आहे. बघणाऱ्यात काय हललं, ते विचारायला हवं.

ते मोजणं मात्र अवघड. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात लोकांना पाच डॉलर देऊन त्यातले किती दान कराल असं विचारलं. आफ्रिकेतल्या उपासमारीचे आकडे वाचणाऱ्यांनी सरासरी १.१४ डॉलर दिले, एकाच मुलीचा फोटो आणि माहिती मिळालेल्यांनी २.३८. ‘एक चेहरा हजार आकड्यांना भारी’ याचा पुरावा म्हणून हा प्रयोग वर्षानुवर्षं सांगितला गेला. पुढे मोठ्या संख्येने माणसं घेऊन तो पुन्हा केला, तेव्हा तो फरक दिसला नाही.

म्हणून डेंग्यूच्या डासाचं भित्तिचित्र रंगवून फोटो काढले की जागृती झाली, हे मला पटत नाही. रंगवणाऱ्या पोरांची दुपार छान गेली, हे नक्की. बाकीचं तपासणं फार खर्चाचंही नाही. सारख्या वस्तीच्या दहा-वीस गल्ल्या घ्या, निम्म्या गल्ल्यांमध्ये भिंती रंगवा, निम्म्या तशाच ठेवा, आणि पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी दोन्हीकडच्या पाण्याच्या पिंपांत अळ्या किती सापडतात ते मोजा.