‘सगळं बोलून टाक’ असा आग्रह का धरू नये?

मोठा अपघात, हल्ला किंवा अत्याचार सोसलेल्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगितलं जातं, ‘काय झालं ते सगळं बोलून टाक, मन मोकळं होईल.’ सांगणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. पण लगेच सगळं वदवून घेतलं की पुढचा त्रास टळतो, हा समज चुकीचा आहे.

या समजाला बळ मिळालं ‘डीब्रीफिंग’ या पद्धतीमुळे, म्हणजे घटनेनंतर लवकरच बैठक घेऊन काय झालं ते बोलायला लावण्यामुळे. १९८३ मध्ये जेफ्री मिचेल यांनी आपत्कालीन सेवेतल्या कर्मचाऱ्यांसाठी ती मांडली आणि पुढे ती सरसकट वापरली गेली. २००२ च्या कॉक्रेन आढाव्यात, म्हणजे अनेक चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र तपासणाऱ्या अभ्यासात, मात्र अशा एकाच बैठकीने पीटीएसडी (आघातानंतर दीर्घकाळ राहणारा मानसिक त्रास) टळल्याचं दिसलं नाही. एका चाचणीत तर वर्षभरानंतर त्याचा धोका वाढलेला आढळला.

त्या माणसाला आधी सुरक्षित जागा, पाणी, झोप आणि आपलं माणूस हवं असतं. स्वतःहून बोलला तर मध्ये न तोडता ऐका. गप्प राहिला तर तेही चालेल. आठवण अंगावर धावून आली, छाती धडधडू लागली, तर पावलं जमिनीवर घट्ट टेकवावीत, खुर्चीचा हात धरावा, समोरच्या वस्तूंची नावं हळू आवाजात घ्यावीत, श्वास सावकाश सोडावा. शरीराला ‘आत्ता’ची जाणीव होते.

महिना उलटूनही दचकणं, दुःस्वप्नं, घटनेची आठवण देणाऱ्या गोष्टी टाळणं थांबत नसेल तर प्रशिक्षित थेरपिस्टकडे जावं. तिथेही घटनेबद्दल बोलायचं असतंच, पण तयारीनिशी आणि सोसणाऱ्याच्या वेगाने. जीव द्यावासा वाटत असेल तर मात्र महिनाभर थांबू नका, त्याच दिवशी मदत घ्या.